थॅडियस स्टीव्हन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थॅडियस स्टीव्हन्स कोण होते?

थॅडियस स्टीव्हन्स (४ एप्रिल १७९२ ते ११ ऑगस्ट १८६८) हे पेनसिल्व्हेनिया राज्यातले वकील, लोखंडाच्या कारखान्याचे मालक आणि अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. ते राष्ट्राध्यक्ष झाले नाहीत, मंत्री झाले नाहीत, सिनेटमध्येही बसले नाहीत. तरीही १८६१ ते १८६८ या काळात, म्हणजे यादवी युद्ध (गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेतली राज्ये विरुद्ध संघराज्य) आणि त्यानंतर त्या हरलेल्या दक्षिणेची पुनर्रचना या दोन्ही पर्वांत, प्रतिनिधिगृहात त्यांच्याइतका वजनदार माणूस दुसरा नव्हता. युद्धाचा पैसा त्यांच्या समितीने उभा केला, गुलामगिरी संपवणाऱ्या आणि नागरिकत्वाची व्याख्या करणाऱ्या घटनादुरुस्त्यांमागे त्यांचा रेटा होता, आणि एका राष्ट्राध्यक्षावर महाभियोग चालवण्यात ते पुढे होते. मराठी वाचकाला लिंकन शाळेपासून ठाऊक असतात. स्टीव्हन्स यांचे नाव मात्र इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे फारसे पोचलेले नाही.

पुढील मजकुरात ‘काँग्रेस’ हा शब्द अमेरिकेच्या संसदेसाठी वापरला आहे, पक्षासाठी नव्हे.

त्यांचे बालपण कसे गेले?

हलाखीत गेले. व्हरमाँट राज्यातल्या डॅनव्हिल या खेड्यात त्यांचा जन्म झाला. थॅडियस हे नाव पोलंडचे सेनानी थॅडियस कोशुस्को यांच्यावरून ठेवले होते, कारण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ते लढले होते. मुलगा जन्मला तोच एक पाऊल आत वळलेले घेऊन. थोरल्या भावाची तर दोन्ही पावले तशी होती. त्या काळच्या धर्मभोळ्या समजुतीप्रमाणे असे व्यंग म्हणजे आईबापांच्या एखाद्या पापाची खूण मानली जाई. वडील जोशुआ चांभारकाम आणि शेती करीत. मुले लहान असतानाच ते घर सोडून गेले आणि चार मुलांचा भार आई सॅली यांच्यावर पडला. शेतात ज्याचा उपयोग होणार नाही त्या मुलाला निदान शिकवावे, या हिशेबाने त्या कुटुंब घेऊन पीचम या गावी राहायला गेल्या, कारण तेथे चांगली शाळा होती.

आईविषयीची कृतज्ञता स्टीव्हन्स यांनी आयुष्यभर बोलून दाखवली. आपल्या मृत्युपत्रात त्यांनी पीचमच्या दफनभूमीसाठी ५०० डॉलर ठेवले आणि त्या रकमेतून आईच्या थडग्याची निगा राखावी, तसेच दर वसंतात थडग्याच्या चारही कोपऱ्यांवर गुलाब आणि प्रसन्न दिसणारी इतर फुलझाडे लावावीत, असे लिहून ठेवले. विरोधकांना ज्याच्या जिभेची धास्ती वाटे, त्या माणसाने मृत्युपत्रात गुलाबांची संख्या नव्हे तरी त्यांची जागा नेमून दिली, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

१८१४ मध्ये डार्टमथ कॉलेजातून पदवी घेऊन ते पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क येथे शिक्षक झाले. नोकरी सांभाळत त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १८१६ मध्ये गेटिसबर्गला वकिली सुरू केली. सत्तेचाळीस वर्षांनी जेथे यादवी युद्धातली सर्वांत रक्तरंजित लढाई होणार होती, तेच हे गेटिसबर्ग.

ते सुरुवातीपासूनच गुलामगिरीच्या विरोधात होते का?

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चाहत्यांना अवघड जाते, पण ते टाळू नये. १८२१ मध्ये चॅरिटी बटलर नावाच्या एका कृष्णवर्णीय स्त्रीने स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात स्टीव्हन्स तिच्या मालकाचे वकील होते. एखाद्या गुलामाला मालकाने पेनसिल्व्हेनियात सहा महिने ठेवले, तर तो स्वतंत्र होतो, असा तेथील कायदा होता. चॅरिटीचे तेथील वास्तव्य तुकड्यातुकड्यांनी झालेले असून सलग सहा महिन्यांचे नाही, असा कायदेशीर मुद्दा स्टीव्हन्स यांनी उभा केला आणि खटला जिंकला. चॅरिटी आणि तिची मुले गुलामच राहिली.

त्यानंतर गुलामाच्या मालकाचे वकीलपत्र घेतलेले स्टीव्हन्स आपल्याला दिसत नाहीत. दोनच वर्षांनी, १८२३ च्या स्वातंत्र्यदिनाच्या मेजवानीत, पुढचा राष्ट्राध्यक्ष असा असावा की ज्याने कोणाही माणसाच्या पायात गुलामीची बेडी ठोकलेली नाही, अशा अर्थाची शुभेच्छा त्यांनी जाहीरपणे दिली. मधल्या काळात त्यांच्या मनात काय घडले हे त्यांनी कोठे लिहून ठेवलेले नाही, म्हणून पश्चात्तापाची गोष्ट रचण्याचा मोह आवरलेला बरा. त्यांच्या पुढच्या पंचेचाळीस वर्षांच्या वागणुकीवरून मात्र वाचकाला आपला अंदाज बांधता येतो. पळून आलेल्या गुलामांची वकिली त्यांनी पुढे पैसे न घेता केली. १८३७-३८ मध्ये पेनसिल्व्हेनियाची नवी राज्यघटना तयार करणाऱ्या परिषदेने मतदाराच्या व्याख्येत ‘गोरा’ हा शब्द घालून कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हा परिषदेचे सदस्य असूनही त्यांनी त्या घटनेवर सही करायला नकार दिला.

१८५१ च्या क्रिस्टियाना प्रकरणात तर त्यांनी सगळी प्रतिष्ठा पणाला लावली. मेरीलँडचा एक मालक आपले पळालेले गुलाम पकडायला लँकेस्टर जिल्ह्यातल्या क्रिस्टियाना या गावी आला असता झालेल्या सशस्त्र झटापटीत मारला गेला. सरकारने तीसहून अधिक जणांवर थेट देशद्रोहाचा आरोप ठेवला. पहिला खटला कास्टनर हॅनवे या गोऱ्या गिरणीवाल्यावर चालला आणि बचावाच्या वकिलांमध्ये स्टीव्हन्स होते. एका घोड्यावर बसलेल्या, हातात शस्त्र नसलेल्या गिरणीवाल्याने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले, असे म्हणणे ज्यूरीला पटण्याजोगे नव्हतेच. हॅनवे सुटले आणि बाकीच्यांवरचा देशद्रोहाचा आरोपही टिकला नाही.

मोफत शाळांशी त्यांचा काय संबंध?

स्टीव्हन्स यांना स्वतःला आपल्या कारकिर्दीतली जी कामगिरी सर्वांत मोलाची वाटे, ती हीच. पेनसिल्व्हेनियाने १८३४ मध्ये सर्व मुलांसाठी करातून चालणाऱ्या शाळांचा कायदा केला. वर्षभरातच कर देणाऱ्यांचा एवढा गदारोळ उठला की राज्याच्या सिनेटने कायदा रद्द करण्याचा ठराव मंजूर केला आणि प्रतिनिधिगृहही त्याच वाटेवर होते. अर्जांचे गठ्ठे येत होते. स्टीव्हन्स यांच्या स्वतःच्या मतदारांनाही हा कायदा नको होता.

११ एप्रिल १८३५ रोजी ते राज्याच्या प्रतिनिधिगृहात बोलायला उभे राहिले. दुसऱ्याच्या पोरांच्या शिक्षणासाठी मी कर का द्यावा, या आक्षेपाला त्यांनी दिलेले उत्तर शेतकऱ्याला समजेल असे होते. कष्टाळू, सुखवस्तू शेतकरी फौजदारी न्यायालये चालवायला, तुरुंग बांधायला आणि तुरुंगाधिकाऱ्यांचे पगार द्यायला निमूटपणे कर देतो. त्या तुरुंगाचा त्याला स्वतःला कधी उपयोग झाला आहे काय? मग माणसे तुरुंगात जाऊ नयेत म्हणून लागणारा खर्च त्याला का टोचावा? कायदा रद्द करून त्याऐवजी फक्त ‘गरिबांच्या’ मुलांची यादी करून त्यांची फी भरावी, असा पर्याय पुढे आला होता. त्यावर ते म्हणाले की, या कायद्याचे खरे नाव गरिबांना डागण्या देऊन ओळखीची खूण करण्याचा कायदा असे ठेवावे. ज्याने शाळेत दारिद्र्य आणि लंगडेपणा दोन्ही सोसले होते, त्याच्या तोंडी हे वाक्य आले, म्हणून ते नुसते वक्तृत्व राहिले नाही. ठराव पडला, शाळा वाचल्या.

अलेक्झांडर स्टीफन्स आणि थॅडियस स्टीव्हन्स एकच का?

नाही. जॉर्जियाचे अलेक्झांडर स्टीफन्स हे बंडखोर दक्षिणी राज्यांच्या संघाचे, म्हणजे कॉन्फेडरसीचे, उपाध्यक्ष होते आणि गुलामगिरी हाच आपल्या नव्या राज्याचा कोनशिला-दगड आहे, असे त्यांनी मार्च १८६१ मध्ये जाहीर केले होते. देवनागरीत दोन्ही नावे जवळजवळ सारखी दिसतात आणि दोघेही प्रकृतीने अधू होते, एवढेच साम्य.

ते कोणत्या पक्षाचे होते?

चार पक्षांचे, असे म्हणावे लागते. राजकारणात ते फ्रीमेसन संघटनेच्या गुप्ततेला विरोध करणाऱ्या पक्षातून आले. १८३३ मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहात गेले तेही त्याच पक्षातर्फे. पुढे ते व्हिग झाले आणि १८४९ ते १८५३ या काळात त्या पक्षाचे सदस्य म्हणून काँग्रेसमध्ये होते. व्हिग पक्ष मोडल्यावर काही काळ परदेशातून आलेल्यांना विरोध करणाऱ्या नो-नथिंग गटाशीही त्यांचा संबंध आला. ही बाजू त्यांच्या समतेच्या भूमिकेशी जुळत नाही. शेवटी ते रिपब्लिकन झाले आणि १८५९ पासून मृत्यूपर्यंत त्याच पक्षातून निवडून येत राहिले. त्या वेळचा रिपब्लिकन पक्ष गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करण्यासाठी नुकताच जन्मला होता. आजच्या अमेरिकी पक्षांची भूमिका त्या काळावर चिकटवून वाचल्यास काहीच समजणार नाही.

यादवी युद्धात त्यांचे काम काय होते?

पैसा. १८६१ ते १८६५ ते प्रतिनिधिगृहाच्या वेज अँड मीन्स समितीचे अध्यक्ष होते, म्हणजे कर, कर्ज आणि त्या काळी खर्चाचीही सूत्रे त्यांच्या हातात होती. युद्धापूर्वीचे केंद्र सरकार मुख्यतः आयात जकातीवर चालत असे. लाखांचे सैन्य त्यावर पोसणे अशक्य होते. ऑगस्ट १८६१ मध्ये अमेरिकेच्या इतिहासातला पहिला केंद्रीय प्राप्तिकर लागू झाला, तो ८०० डॉलरांवरील उत्पन्नावर ३ टक्के. फेब्रुवारी १८६२ मध्ये १५ कोटी डॉलरांच्या कागदी नोटा काढण्याचा कायदा झाला. या नोटांमागे सोने नव्हते, सरकारचा शब्द होता. पाठीमागची बाजू हिरव्या शाईत छापलेली म्हणून लोक त्यांना ‘ग्रीनबॅक’ म्हणू लागले. बँकवाल्यांचा विरोध मोडून हे विधेयक पुढे नेणाऱ्यांत स्टीव्हन्स होते, मात्र सरकारी रोख्यांचे व्याज सोन्यात द्यायचे आणि शिपायाचा पगार कागदात, या सिनेटने घातलेल्या भेदावर ते शेवटपर्यंत चिडून होते.

युद्धाचा हेतू केवळ संघराज्य टिकवणे हा आहे, गुलामगिरीला हात लावणे हा नाही, असा ठराव जुलै १८६१ मध्ये जवळजवळ एकमताने संमत झाला, तेव्हा स्टीव्हन्स यांनी त्याला मत दिले नाही. गुलामांच्या श्रमावर शत्रूची शेती चालते आणि त्या शेतीवर त्याचे सैन्य; म्हणून गुलाम मुक्त करणे हा युद्धाचाच डावपेच आहे, असे ते सांगत राहिले. लिंकन यांना या निष्कर्षापर्यंत यायला आणखी वर्षभर लागले.

युद्धाची झळ त्यांनाही बसली. चेंबर्सबर्गजवळ त्यांचा कॅलेडोनिया नावाचा लोखंडाचा कारखाना होता. जून १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईच्या काही दिवस आधी कॉन्फेडरेट सेनानी जुबाल अर्ली यांच्या सैन्याने तो जाळून टाकला आणि तेथील घोडी, खेचरे, धान्य लुटून नेले. आपल्या वाट्याच्या नुकसानाचे मला क्षणभरही दुःख वाटले नाही, गुलामगिरीचा मागमूस न उरता देश पुन्हा एक झाला तर हा सौदा स्वस्तच म्हणेन, असे त्यांनी पत्रात लिहिले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा पुतण्या अ‍ॅलन्सन चिकमॉगाच्या लढाईत मारला गेला.

लिंकन आणि स्टीव्हन्स यांचे पटत होते का?

पटत नव्हते, पण दोघांनाही एकमेकांची गरज होती. स्टीव्हन्स यांच्या मते लिंकन फार हळू चालत. लिंकन यांना ठाऊक होते की पुढे धावणारा कोणीतरी असल्याशिवाय आपली मधली वाट मधली दिसणार नाही. १८६४ च्या निवडणुकीत स्टीव्हन्स यांनी कुरकुर करीत का होईना, लिंकन यांचाच प्रचार केला.

या दोघांविषयीचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. पेनसिल्व्हेनियाचे सायमन कॅमरन यांना मंत्री करावे काय, माणूस प्रामाणिक आहे काय, असे लिंकन यांनी विचारले. स्टीव्हन्स म्हणाले, ‘तापून लाल झालेली शेगडी काही तो चोरेल असे वाटत नाही.’ लिंकन यांनी हे गमतीने कॅमरन यांच्या कानावर घातले. कॅमरन संतापले आणि शब्द मागे घ्या म्हणून अडून बसले. स्टीव्हन्स पुन्हा राष्ट्राध्यक्षांकडे गेले आणि म्हणाले, ‘तो लाल शेगडी चोरणार नाही असे मी म्हणालो होतो. ते शब्द मी मागे घेतो.’

तेराव्या घटनादुरुस्तीच्या वेळी त्यांनी भूमिका बदलली, असे का म्हटले जाते?

गुलामगिरी संपवणारी तेरावी दुरुस्ती प्रतिनिधिगृहात ३१ जानेवारी १८६५ रोजी ११९ विरुद्ध ५६ मतांनी संमत झाली. दोन-तृतीयांश बहुमत कसेबसे गाठले गेले. या दुरुस्तीमागे काळ्या-गोऱ्यांची संपूर्ण बरोबरी आणण्याचा डाव आहे, असे विरोधक ओरडत होते आणि कुंपणावरचे सदस्य बिथरण्याची भीती होती. तेव्हा स्टीव्हन्स यांनी सभागृहात सांगितले की सर्व बाबतींतली समानता असे मी कधी म्हटलेले नाही, माझे म्हणणे फक्त कायद्यापुढच्या समानतेपुरते आहे.

हा माघार घेण्याचा प्रकार होता की मते जोडण्याचा? मला तो दुसरा वाटतो. ज्यांनी आयुष्यभर जीभ आवरली नाही, त्यांनी त्या दिवशी ती आवरली, आणि कोणत्या किमतीसाठी आवरली हे मतमोजणीत दिसते.

‘चाळीस एकर’ हा काय प्रकार आहे?

स्टीव्हन्स यांच्या राजकारणाचे मर्म येथे आहे, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

गुलाम मुक्त झाला म्हणजे त्याच्या हातापायांतली बेडी निघाली. पण तो राहायचा कोठे, पेरायचे काय आणि कोणाच्या जमिनीत? जमीन जुन्या मालकाचीच राहिली, तर मुक्त झालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मालकाच्या दारात मजुरी मागायला उभा राहणार, आणि मालक ठरवील त्या अटी मान्य करणार. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीवरची जमीन मुक्त कुटुंबांना ४० एकरांपर्यंतच्या तुकड्यांनी देण्याचा लष्करी हुकूम काढला होता. हजारो कुटुंबे तेथे नांगर धरून उभीही राहिली. लिंकन यांच्या हत्येनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी बंडखोर मालकांना माफी देऊन त्या जमिनी परत करायला लावल्या.

६ सप्टेंबर १८६५ रोजी लँकेस्टर येथील भाषणात स्टीव्हन्स यांनी आपला हिशेब मांडला. त्यांच्या आकडेवारीप्रमाणे बंडखोर राज्यांतली सुमारे ३९ कोटी ४० लाख एकर जमीन केवळ ७०,००० बड्या मालकांकडे होती. ती सरकारने जप्त करावी. छोट्या शेतकऱ्याच्या जमिनीला हात लावू नये. प्रत्येक प्रौढ मुक्त पुरुषाला ४० एकर दिले, तर दहा लाख माणसांसाठी ४ कोटी एकर लागतील. उरलेली ३५ कोटी ४० लाख एकर जमीन सरासरी १० डॉलर एकराने विकली, तर ३५४ कोटी डॉलर येतील. त्यातून जखमी शिपायांना आणि शहिदांच्या विधवांना निवृत्तिवेतन द्यावे, सरकारशी इमान राखलेल्यांची नुकसानभरपाई करावी आणि बाकीच्या पैशातून युद्धाचे कर्ज फेडावे. हे आकडे अर्थातच वकिलाने सभेसाठी केलेले गोळाबेरीज अंदाज होते. पण त्यांमागचा विचार अगदी स्पष्ट होता: मूठभरांच्या हातात एवढी जमीन असेल तेथे प्रजासत्ताक टिकत नाही.

मार्च १८६७ मध्ये त्यांनी याच आशयाचे विधेयक प्रतिनिधिगृहात मांडले. ते बारगळले आणि मुख्यतः त्यांच्याच पक्षामुळे बारगळले. गुलामाला मुक्त करायला तयार असलेला उत्तरेतला कारखानदार मालमत्तेच्या हक्काला धक्का लावायला तयार नव्हता. आज दक्षिणेतल्या मळ्याला हात लागला, तर उद्या आपल्या गिरणीची पाळी, हे त्याला बरोबर समजले होते. परिणामी दक्षिणेतले बहुसंख्य मुक्त शेतकरी पुढच्या काळात बटाईने शेती करू लागले. बियाणे, खत आणि रोजच्या मिठापिठासाठी दुकानदाराकडून उचल घ्यायची, पीक निघाले की आधी मालकाचा वाटा आणि मग उधारी चुकती करायची, आणि तरी खात्यावर बाकी उरायचीच. सावकाराच्या वहीतले व्याज ज्यांनी घरात ऐकले आहे, त्या वाचकांना हे चक्र निराळे समजावून सांगायला नको.

चौदावी घटनादुरुस्ती त्यांनीच लिहिली का?

नाही. दक्षिणेच्या पुनर्रचनेसाठी डिसेंबर १८६५ मध्ये नेमलेल्या पंधरा जणांच्या संयुक्त समितीत प्रतिनिधिगृहाच्या बाजूचे नेतृत्व स्टीव्हन्स यांच्याकडे होते आणि नागरिकत्वाची व्याख्या करणाऱ्या या दुरुस्तीचा मसुदा सभागृहात त्यांनीच मांडला. पण ‘कायद्याचे समान संरक्षण’ हा त्यातला गाजलेला भाग मुख्यतः ओहायोचे जॉन बिंगहॅम यांचा आहे.

या समितीला वाव मिळाला तो ४ डिसेंबर १८६५ च्या प्रसंगामुळे. काँग्रेसचे अधिवेशन सुरू झाले. सभागृहाचे कारकून एडवर्ड मॅकफर्सन हे पेनसिल्व्हेनियाचे आणि स्टीव्हन्स यांचे विश्वासू. हजेरी घेताना त्यांनी दक्षिणेतून निवडून आलेल्यांची नावे सरळ वगळली. टेनेसीचे होरेस मेनार्ड, जे युद्धकाळात संघराज्याशीच एकनिष्ठ राहिले होते, बोलण्यासाठी उठले; कारकुनाने त्यांना बोलू दिले नाही. सर्वांत सहानुभूती मिळेल अशा माणसालाच बाहेर ठेवल्यावर बाकीच्यांचा प्रश्नच उरला नाही.

यामागे एक विचित्र गणित होते. जुन्या घटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असे मोजत. गुलामगिरी गेल्यावर पाचाची पाच माणसे मोजली जाणार. म्हणजे युद्ध हरलेल्या दक्षिणेच्या जागा वाढणार आणि त्या जागा निवडणार फक्त गोरे मतदार. चौदाव्या दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाने यावर उपाय सुचवला: ज्या राज्यात पुरुष नागरिकांचा मताधिकार नाकारला जाईल, त्याचे प्रतिनिधित्व त्या प्रमाणात घटेल. थेट मताधिकार त्यात नव्हता आणि स्टीव्हन्स यांना तो हवा होता.

१३ जून १८६६ रोजी, शेवटच्या मतदानापूर्वी, ते जे बोलले ते त्यांच्या सर्व भाषणांत मला सर्वांत खरे वाटते. तरुणपणी, प्रौढपणी आणि म्हातारपणीही आपण एक स्वप्न पाहिले होते की, एखाद्या योगायोगाने या देशाच्या संस्थांचा पाया मोकळा झाला तर त्या अशा नव्याने उभाराव्यात की माणसामाणसांत कोणताही लादलेला भेद उरणार नाही. ते स्वप्न विरले. आता जुन्या इमारतीच्या सर्वांत कुजलेल्या भागांना ठिगळे लावण्यावर समाधान मानावे लागत आहे. मग असा अपुरा प्रस्ताव मी का स्वीकारतो? कारण मी देवदूतांत नव्हे, माणसांत राहतो.

ही दुरुस्ती जुलै १८६८ मध्ये घटनेत सामील झाली. ते पाहायला स्टीव्हन्स जिवंत होते. मताधिकार देणारी पंधरावी दुरुस्ती १८७० मधली, ती त्यांना दिसली नाही.

राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यावरच्या महाभियोगाचे काय झाले?

प्रतिनिधिगृहाने तो मंजूर केला, पण सिनेटमध्ये एका मताने हुकला. काँग्रेसचे कायदे जॉन्सन नकाराधिकाराने अडवत होते आणि काँग्रेस दोन-तृतीयांश मतांनी ते पुन्हा संमत करत होती. मार्च १८६७ मध्ये दहा बंडखोर राज्यांची पाच लष्करी विभागांत वाटणी करणारा कायदा असाच झाला. १८६६ मध्ये एका जाहीर भाषणात जॉन्सन यांनी स्टीव्हन्स यांचे नाव घेऊन त्यांना देशद्रोह्यांत बसवले होते. फेब्रुवारी १८६८ मध्ये सिनेटच्या संमतीशिवाय त्यांनी युद्धमंत्री स्टँटन यांना काढून टाकले आणि २४ फेब्रुवारीला प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला.

स्टीव्हन्स तोवर पंचाहत्तरीपार गेले होते आणि चालणे जवळजवळ बंद झाले होते. दोन धट्टेकट्टे कर्मचारी त्यांना खुर्चीत बसवून सभागृहात उचलून नेत. त्यांना ते म्हणाले होते म्हणतात, ‘पोरांनो, तुम्ही मेल्यावर मला कोण रे उचलणार?’ सिनेटपुढच्या खटल्यात ते सात अभियोक्त्यांपैकी एक होते, पण आपले भाषणही ते पुरते वाचू शकले नाहीत. उरलेला भाग दुसरे अभियोक्ते बेंजामिन बटलर यांनी वाचला. १६ मे रोजी अकराव्या आरोपावर, जो मुख्यतः स्टीव्हन्स यांच्याच आग्रहाने घातला होता, ३५ विरुद्ध १९ मते पडली. ३६ हवी होती.

खटला कायद्याच्या दृष्टीने कच्चाच होता, हेही म्हटले पाहिजे. स्टीव्हन्स यांचा जॉन्सन यांच्यावरचा खरा आक्षेप राजकीय होता आणि तो एका मंत्र्याच्या बडतर्फीच्या खुंटीला टांगला गेला.

लिडिया हॅमिल्टन स्मिथ यांच्याशी त्यांचे नाते काय होते?

स्टीव्हन्स अविवाहित होते. मिश्र वंशाच्या, दोन मुलांची आई असलेल्या लिडिया हॅमिल्टन स्मिथ यांनी १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांच्या मृत्यूपर्यंत, वीस वर्षे, लँकेस्टर आणि वॉशिंग्टन येथील त्यांचे घर सांभाळले. शेजारीपाजारी आणि विरोधी वर्तमानपत्रे त्यांना त्यांची पत्नीच म्हणत. खरे काय होते, याचा कागदोपत्री पुरावा कोणत्याच बाजूने नाही. स्टीव्हन्स त्यांचा उल्लेख ‘मिसेस स्मिथ’ असाच करीत आणि इतरांनीही तसाच करावा असा त्यांचा दंडक होता; कृष्णवर्णीय स्त्रीला सगळा गाव पहिल्या नावाने हाक मारीत असताना या दोन शब्दांना वजन होते. स्मिथ स्वतःही व्यवहारात पक्क्या होत्या, त्यांनी स्वतःच्या नावावर मालमत्ता केली. मृत्युपत्राने त्यांना आयुष्यभर वर्षाला ५०० डॉलर किंवा एकरकमी ५,००० डॉलर ठेवले होते.

दक्षिणेत आणि नंतरच्या इतिहासात त्यांची प्रतिमा खलनायकाची का झाली?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुनर्रचनेचा इतिहास कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी लिहिला. त्यांच्या मांडणीत पुनर्रचना म्हणजे पराभूत दक्षिणेवर लादलेला सूड होता आणि सूड घेणारा म्हणून लंगडा, केसांचा टोप घालणारा, कडवट म्हातारा हे पात्र आयते मिळाले. १९१५ च्या एका गाजलेल्या मूकपटाने ते पडद्यावर नेले. १९३५ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दू बॉईस यांनी या इतिहासाला सडेतोड उत्तर दिले, पण सर्वसाधारण मत बदलायला १९६० च्या दशकातली नागरी हक्कांची चळवळ यावी लागली.

डनिंग कोलंबियात शिकवत होते त्याच काळात, १९१३ ते १९१६, बाबासाहेब आंबेडकर तेथे विद्यार्थी होते.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा काही धागा आहे का?

स्टीव्हन्स यांच्याशी व्यक्तिशः नाही. त्यांनी ज्या लढ्यात आयुष्य घातले त्याच्याशी आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ निष्ठेबद्दल. स्टीव्हन्स यांना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात अमेरिकेच्या १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेतला. जॉन्सन यांचा नकाराधिकार झुगारून काँग्रेसने केलेला तो हाच कायदा. भारतीय संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदातला ‘कायद्याचे समान संरक्षण’ हा शब्दप्रयोगही अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीतून आलेला आहे. दोन्हीकडे आकडा चौदा आला हा निव्वळ योगायोग.

त्यांची समाधी कोठे आहे?

लँकेस्टर येथील श्राइनर दफनभूमीत. ११ ऑगस्ट १८६८ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाल्यावर पार्थिव कॅपिटॉल या संसद भवनाच्या घुमटाखाली लोकांच्या दर्शनासाठी ठेवले गेले. त्यांच्यापूर्वी हा मान हेन्री क्ले आणि लिंकन या दोघांनाच मिळाला होता. पहाऱ्यावर कृष्णवर्णीय शिपाई उभे होते. थडग्यावरचा मजकूर त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता: या शांत, आडबाजूच्या जागी मी विसावलो आहे तो एकांताच्या आवडीने नव्हे, इतर दफनभूमींच्या नियमांत वंशाची अट आढळली, म्हणून दीर्घ आयुष्यात ज्या तत्त्वाचा पुरस्कार केला ते मृत्यूनेही दाखवता यावे यासाठी ही जागा मी निवडली आहे. ते तत्त्व म्हणजे, निर्मात्यापुढे माणसांची समानता.

त्यांच्या संपत्तीचे पुढे काय झाले?

मृत्युपत्रात आणखी एक मजेदार कलम होते. थॅडियस याच नावाच्या पुतण्याला दारूचे व्यसन होते. त्याने सलग पाच वर्षे दारूला स्पर्श केला नाही, तर त्याला मालमत्तेचा एक चतुर्थांश हिस्सा द्यावा. आणखी पाच वर्षे पाळले तर आणखी एक चतुर्थांश. आणि पंधरा वर्षे निभावले तर सगळी. काकांना पुतण्याची ओळख असावी, कारण तो नापास झाला तर काय करायचे हेही त्यांनी पुढे सविस्तर लिहिले होते. तसेच झाले. उरलेल्या पैशातून निराधार मुलांसाठी संस्था काढावी, प्रवेश देताना आणि वागवताना वंश किंवा रंग पाहू नये, गरीब जर्मन, आयरिश, मुसलमान कोणालाही आईबापांच्या वंशावरून किंवा धर्मावरून वगळू नये, सर्वांना एकाच वर्गात शिकवावे, अशा अटी होत्या. शेवटची अट मराठीत सांगायची तर तिच्यासाठी आपल्याकडे शब्द तयारच आहे: मुलांची पंगत एकच असावी. १९०५ मध्ये लँकेस्टरला ही संस्था स्थापन झाली आणि आज ती तंत्रशिक्षणाचे महाविद्यालय म्हणून त्यांच्याच नावाने चालते.